कामाच्या ठिकाणाची ओळ

२०१९ पर्यंत उमेदवार मला पहिला प्रश्न पगाराचा विचारायचे. नाव-गाव, अनुभव एवढं झालं, की लगेच, "मॅडम, पॅकेज किती?" २०२१ मध्ये पगार मागे पडला आणि पुढे आलं, "वर्क फ्रॉम होम आहे ना?" आता गेली दोनेक वर्षं प्रश्न आणखी नेमका झाला आहे. "आठवड्यातून किती दिवस यायचं? कुठल्या ऑफिसला? हिंजवडी असेल तर जरा विचार करून सांगतो."

मी पुण्यात आयटी कंपन्यांसाठी माणसं निवडण्याचं काम करते. रिक्रूटर म्हणतात आम्हाला. या कामाला चौदा वर्षं झाली. रोज पंधरा-वीस अनोळखी माणसांशी फोनवर बोलायचं, त्यांच्या बायोडेटात न लिहिलेल्या गोष्टी ऐकायच्या. वडिलांचं डायलिसिस, नवऱ्याची बदली, मुलीची शाळा, घराचा हप्ता हे सगळं नोकरीच्या बोलण्यात येतंच. त्यामुळे बाजारात काय चाललंय ते मला उमेदवाराच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं.

सगळे म्हणतात, घरून काम २०२० मध्ये आलं. मला तसं म्हणता येत नाही. मी घरून चालणाऱ्या कामातच लहानाची मोठी झाले.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. पद्मशाली विणकरांची वस्ती. घरात तेलुगू, शाळेत मराठी. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे आणि अम्मा विड्या वळायची. रात्री ती तेंदूची पानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. पहाटेपर्यंत पानं मऊ व्हायची. मग पत्र्याचा छोटा साचा पानावर ठेवून कात्रीनं एकसारखे तुकडे कापायचे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर पसरायची, गुंडाळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हे झालं एका विडीचं. मजुरीचा दर हजार विड्यांना, त्यामुळे अम्माचा दिवस घड्याळावर चालतच नसे. हजार झाल्या की दिवस संपला. झाल्या नाहीत तर रात्री दिव्याखाली तो चालूच.

शाळेतून आले की मी आणि अक्का दोरे बांधायला बसायचो. कुणी बसा म्हणत नव्हतं. अम्माची बोटं थांबली की स्वयंपाक सुरू होईल हे आम्हाला माहीत होतं, म्हणून बसायचो. कारखान्यातून मिळालेल्या पानांत फाटकी, भोकाची पानं जास्त निघाली तर हजार पुरे करायला अम्मा पदरच्या पैशानं पानं आणायची. दिव्याचं बिल आमचं, जागा आमची, मुलींचे हात आमचे. तंबाखूची धूळ सुपातून उडून आमच्या अंथरुणावर बसायची. घरातला प्रत्येक जण खोकायचा आणि त्या खोकल्याला आम्ही हवामान म्हणायचो.

एक गोष्ट मात्र अम्मानं कधी सोडली नाही. विड्या द्यायला ती स्वतः कारखान्यात जायची. शेजारची बाई "दे, मी नेते तुझ्या" म्हणाली तरी अम्मा डोक्यावर पदर घेऊन निघायचीच. तिथे रांग असे. तपासणारा माणूस विड्या हातात घेऊन बघायचा, काही बाजूला काढायचा आणि त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. तास-दीड तास जायचा. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या वेळात शंभरएक विड्या झाल्या असत्या, मग हिला जायची एवढी हौस का? याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. ते पुढे येईलच.

२०२० चा मार्च. अम्मा उगादीसाठी वाकडला माझ्याकडे आली होती. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि २५ ला, पाडव्याच्या म्हणजे आमच्या उगादीच्या दिवशी, सगळा देश बंद होता. अम्मा अडकली. सोलापूरची गाडी नाही, एसटी नाही. त्याच आठवड्यात कंपनीनं सगळ्यांना लॅपटॉपवर घरून काम करायला सांगितलं. आमच्या दोन खोल्यांत जेवणाचं टेबल नवऱ्याला गेलं आणि मी पलंगावर उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. अम्मा दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मीपण अशीच बसायचे. तुझ्या मांडीवर सूप नाही एवढंच."

सुरुवातीचे काही महिने मला ते वरदान वाटलं. वाकडहून हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंतचं अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, पण भूमकर चौक आणि शिवाजी चौक पार करताना सकाळी तास-सव्वा तास सहज जायचा. संध्याकाळी तेवढाच. ते अडीच तास मला एकदम परत मिळाले. मुलगी दुपारी माझ्या शेजारी झोपायची. पोळी गरम खायला मिळायची. मग हळूहळू ते अडीच तास कामानं गिळले आणि वर आणखी दोन मागितले. अमेरिकेतला मॅनेजर मोकळा होतो आपल्या रात्री नऊला. उमेदवार मोकळा होतो त्याचं ऑफिस सुटल्यावर. "घरीच आहात ना, पाच मिनिटं बोलू" या वाक्यावर कुठलीही वेळ चालायची. एका रात्री साडेअकराला मी फोन ठेवला. अम्मा जागीच होती. तिनं विचारलं, "तुझीपण हजारी पुरी होत नाही का?"

कारखान्याचा भोंगा वाजला की वडिलांचं काम थांबायचं. अम्माच्या कामाला भोंगा नव्हता. तिच्या त्या प्रश्नानं हा फरक मला पहिल्यांदा दिसला.

बाजार तेव्हा वेगळ्याच वेगानं धावत होता. एप्रिल २०२० मध्येच टीसीएसनं जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत आपल्या २५ टक्के माणसांनाच एका वेळी ऑफिसात बसून काम करावं लागेल. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं कॉल सेंटर आणि बीपीओंसाठीचे जुने निर्बंध सैल केले, त्यामुळे ही कामंसुद्धा कुठूनही करणं सोपं झालं. पुण्यातल्या पीजी रिकाम्या झाल्या होत्या. मी फोन केला की पलीकडून कोंबड्याचा आवाज यायचा, पावसाचा पत्र्यावरचा आवाज यायचा. लातूर, अकोला, कणकवली, चाळीसगाव. मुलाखतीला उमेदवाराच्या मागे फळीवर आजोबांचा फोटो दिसायचा. ज्यांच्या बायोडेटावर पूर्वी "पुण्याला यायची तयारी आहे का?" या एका प्रश्नानं काट बसायची, ती माणसं आता निवडली जात होती.

नाशिकच्या एका बाई मला आठवतात. चांगल्या टेस्टर. दुसऱ्या मुलाच्या वेळी नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्या मातृत्व लाभ कायद्यानं २६ आठवड्यांची रजा दिली आणि त्या रजेनंतर, काम तसं असेल तर, मालक आणि कर्मचारी यांनी ठरवून घरून काम करावं अशी सोयही लिहून ठेवली. पण "ठरवून" या शब्दावर ती सोय अडते, आणि ठरवताना एका बाजूला कंपनी असते, दुसऱ्या बाजूला अंगावर पिणारं मूल घेऊन बसलेली एकटी बाई. नाशिकच्या बाईंच्या वेळी तर ही दुरुस्तीही झाली नव्हती. २०२१ मध्ये त्यांना घरून काम मिळालं. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांचा फोन आला. बोलणं फारसं झालं नाही. "झाला हं जमा," एवढंच दोनदा म्हणाल्या. असे फोन आले की मला माझं काम आवडतं.

त्याच लाटेत मला बार्शीचा मुलगा भेटला. त्याच्याविषयी लिहायचं म्हणूनच मी हा लेख लिहायला घेतला.

२०२१ च्या उत्तरार्धात कंपन्यांना माणसं मिळत नव्हती. एकाच उमेदवाराच्या हातात तीन-तीन ऑफर लेटर असत. रुजू होण्याच्या आदल्या रात्री फोन बंद करून तो चौथीकडे जाई. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण किती वाढलं होतं त्याचा एक आकडा सांगते. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिससारख्या कंपनीनं जाहीर केलेला दर २८.४ टक्के होता. आमच्यावर रोज दबाव. जागा भरा, कशाही भरा. पगार वाढवायला मर्यादा होती, पण "रिमोट" या शब्दाला खर्च नव्हता. तो आम्ही मुक्त हस्तानं वाटला.

हा मुलगा बॅकएंड डेव्हलपर होता. सात वर्षांचा अनुभव, बोलणं मोजकं. त्याची बायको बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची नोकरी हलणारी नव्हती, आणि हलली असती तरी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. लग्नानंतरची चार वर्षं त्यानं शुक्रवारी रात्री पुण्याहून बार्शी आणि रविवारी रात्री बार्शीहून पुणे, अशी काढली होती. तो मला म्हणाला, "मॅडम, पगार तुम्ही म्हणाल तो. फक्त हे रिमोट कायमचं आहे का, तेवढं सांगा."

मी म्हणाले, "परमनंट रिमोट आहे. तुम्ही निर्धास्त राहा."

मला माझ्या वरिष्ठांनी तसंच सांगितलं होतं. मी खोटं बोलले नव्हते. पण त्याच्या नियुक्तिपत्रात कामाचं ठिकाण "पुणे" असं होतं आणि खाली एक ओळ होती, की कंपनीच्या गरजेनुसार त्यात बदल होऊ शकतो. त्यानं त्याबद्दल विचारलंही. मी सांगितलं, "तो सगळ्यांच्याच पत्रात असतो, ठरावीक मजकूर आहे." त्यानं सही केली. माझ्या शब्दावर केली.

पुढचं वर्ष-दीड वर्ष त्याचं छान गेलं. त्यानं बार्शीत घरावर एक खोली चढवली, इन्व्हर्टर बसवला, दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. हे सगळं पदरचं. दिवाळीला त्याचा शुभेच्छांचा निरोप यायचा, सोबत मुलीचा फोटो.

मग वारं फिरलं. त्याला कारणं बरीच होती. मागणी मंदावली, माणसं मुबलक झाली, आणि ज्याच्या हातात पर्याय कमी त्याच्या अटीही कमी, हा बाजाराचा जुना नियम पुन्हा लागू झाला. त्यात हिंजवडीतल्या बऱ्याच इमारती विशेष आर्थिक क्षेत्रातल्या. तिथे काम त्या हद्दीत व्हावं अशी मूळ अपेक्षा. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं या क्षेत्रांसाठी घरून कामाचा नियम केला तेव्हा जास्तीत जास्त निम्म्या कर्मचाऱ्यांना आणि एका वर्षापुरती मुभा दिली होती. नंतर ती वाढवली गेली, पण कंपन्यांना दिशा कळली. ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसनं आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस ठरवलं. २०२० मधली २५ टक्क्यांची घोषणा करणारी कंपनी हीच. नोव्हेंबरपासून विप्रोनं आठवड्याला तीन दिवस सांगितले. पुढे अॅमेझॉननं जानेवारी २०२५ पासून आपल्या कॉर्पोरेट कर्मचाऱ्यांना पाच दिवस बोलावलं. आज माझ्याकडे येणाऱ्या जागांवर "पूर्ण रिमोट" हे शब्द क्वचित दिसतात. "हायब्रिड, तीन दिवस" हाच नेहमीचा मजकूर झाला आहे.

मी तेव्हा होते त्या कंपनीची ई-मेल २०२३ मध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी आली. तीस दिवसांत सगळ्यांनी आपापल्या "मूळ ठिकाणी" हजर व्हायचं. अपवादासाठी व्यवस्थापकाची शिफारस लागेल. रविवारी सकाळी बार्शीहून फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही त्या वेळी जे बोलला होता, ते कुठे लिहिलेलं मिळेल का?"

ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी त्याच्यासाठी दोन ई-मेल केल्या, एकदा प्रत्यक्ष जाऊन बोलले. मला सांगण्यात आलं, की एकाला सूट दिली तर सगळे मागतील. तो पुण्यात आला. वाकडला तिघांत एक खोली घेतली. शुक्रवारी रात्रीची गाडी, रविवारी रात्रीची गाडी, पुन्हा तेच सुरू झालं. पाच महिन्यांनी त्यानं राजीनामा दिला आणि कमी पगारावर सोलापुरात एका छोट्या कंपनीत लागला. जाताना त्यानं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दिवाळीत मी हे सगळं अम्माला सांगितलं. ती आता कुंभारीला राहते. सोलापूरजवळच्या त्या माळावर विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ मध्ये तिथे अम्माला स्वतःचं घर मिळालं. विड्या वळणं तिनं सोडलंय, बोटं दुखतात. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लिहून दिलं होतं का त्याला?"

मग ती उठली, कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचे कागद, घराचे कागद. म्हणाली, "कार्डावर आहे तेवढंच आपलं. बाकी मुकादमाचं बोलणं."

मी नंतर मुद्दाम वाचून काढलं. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली केंद्रानं कायदा केला. त्यात कारखान्यात येणाऱ्यांबरोबर, पान-तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार धरलं. अंगठा लावणाऱ्या बायकांचं घरून काम तेव्हाच कायद्याच्या कागदावर आलं होतं. कायदा झाला म्हणून सगळं मिळालं असं नाही. फाटकी पानं अम्मानं पदरच्यानंच भरून काढली. पण दाद मागायला कागद होता. आमच्या संगणकावरच्या माणसांसाठी २०२० च्या अखेरीला केंद्रानं सेवा क्षेत्राच्या आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला, त्यात घरून कामाचा उल्लेख आला. तोही नियुक्तीच्या अटी किंवा दोघांतला करार यांवरच सोडलेला. म्हणजे पुन्हा फिरून पत्रातली ती एक ओळ.

त्याच दुपारी मी अम्माला लहानपणापासूनचा प्रश्न विचारला. विड्या द्यायला तू स्वतः का जायचीस? ती म्हणाली, "घरी बसून काय कळायचं? तिथे गेलं की कळायचं, दुसऱ्या कारखान्यात दर किती देतात, कुणाच्या विड्या जास्त बाजूला काढल्या, मोर्चा कधी आहे. हे घर त्या रांगेतनं आलंय."

हे उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपापल्या घरात एकट्या बसून काम करणाऱ्या हजारो बायका कारखान्याच्या दारातल्या रांगेत एकमेकींना भेटायच्या. मागण्या तिथे ठरायच्या. बार्शीच्या मुलाला आणि त्याच्यासारख्या इतरांना ती शुक्रवारची ई-मेल आली तेव्हा प्रत्येकानं आपापल्या खोलीत बसून, आपापल्या व्यवस्थापकाला, आपापली अडचण एकट्यानं लिहिली. आपल्यासारखे किती आहेत हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणून ऑफिसला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. ऑफिसात काय असतं ते मी २०२१ मध्ये रुजू झालेल्या मुलांकडे बघून शिकले. कॉलेजचं शेवटचं वर्ष मोबाइलवर, मुलाखत व्हिडिओवर, लॅपटॉप कुरिअरनं. अमरावतीची एक मुलगी सात महिने कंपनीत होती आणि तिनं एकाही सहकाऱ्याला प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. तिचा व्यवस्थापक मला म्हणाला, ही हळू आहे, हिला कायम करावं का बघू. तिच्याशी बोलले तेव्हा कळलं, की ती अडली की दोन-दोन दिवस अडून बसायची. शंका विचारायला मेसेज टाकायचा तर तो सगळ्या टीमला दिसणार, फोन करायचा तर सीनियर मीटिंगमध्ये असणार. ऑफिस उघडल्यावर तिला एका अनुभवी बाईंच्या शेजारची जागा मिळाली. खुर्ची फिरवून "हे जरा बघता का?" म्हणायचं, एवढंच बदललं. दोन महिन्यांत तोच व्यवस्थापक तिच्यावर काम सोपवून रजेवर गेला. अम्मापण विडी वळायला तिच्या आईच्या मांडीला मांडी लावून बसूनच शिकली होती.

या विषयावर निकोलस ब्लूम या स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञाचं काम मला फार उपयोगी पडलं, कारण त्यानं मतं न मांडता प्रयोग केले. शांघायमधल्या एका प्रवासकंपनीच्या कॉल सेंटरमध्ये स्वतःहून तयार झालेल्या लोकांपैकी काहींना नऊ महिने घरून काम दिलं. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली. पण नंतर निवड करायला सांगितली तेव्हा त्यांतल्या साधारण निम्म्यांनी ऑफिस मागितलं. घरी फार एकटं वाटतं, हे मोठं कारण. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच कंपनीत पुढे सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला, त्यात काहींना आठवड्याचे दोन दिवस घर आणि तीन दिवस ऑफिस. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या या अभ्यासात कामगिरीत किंवा बढतीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा, त्यांच्यात आणि स्त्रियांमध्ये हा परिणाम ठळक होता. भूमकर चौकात उभ्या राहिलेल्या कुणालाही हे पटेल.

हायब्रिडवर माझा विश्वास बसला तो असा. पण आज त्या नावाखाली जे चालतं त्यातलं पुष्कळसं नुसतं हजेरीचं आहे. माणूस सव्वा तास प्रवास करून येतो, कार्ड दाखवून दार उघडतो, मिळेल त्या टेबलावर बसतो आणि कानाला हेडफोन लावून दिवसभर हैदराबादच्या टीमशी बोलतो. त्याच्या स्वतःच्या टीमचे लोक दुसऱ्या वारी येतात. महिन्याअखेरी कार्डाचे दिवस मोजले जातात आणि कमी भरले तर पत्र जातं. त्या दिवसांत कोण कुणाला शिकवून गेलं, याची नोंद कुठेच नसते. टीमनं मिळून वार ठरवले, नव्या माणसाशेजारी जुना माणूस बसला, कठीण बोलणी समोरासमोर झाली, तर तीन दिवसांचा प्रवास सार्थकी लागतो. नाहीतर नुसतं पेट्रोल जळतं.

आणि हे सगळं बोलताना मला आमच्या ऑफिसच्या मावशी आठवतात. जून २०२० मध्ये मी एक फाइल घ्यायला हिंजवडीला गेले, तेव्हा सगळा मजला रिकामा होता आणि मावशी ओळीनं टेबलं पुसत होत्या. रिक्षा बंद, म्हणून माण गावातून चालत आल्या होत्या. गेटवरचा सुरक्षारक्षक होता, लिफ्टवाला होता. चाकणच्या कारखान्यांतला फिटर, ससूनमधली परिचारिका, पीएमपीचा चालक यांच्या नोकरीला रिमोट हा शब्दच लागू नाही. आम्ही घरी बसलो तेव्हा ऑफिसबाहेरचा पोह्यांचा गाडा आणि रात्रपाळीच्या कॅबवाल्यांचं पोट आमच्याबरोबर बंद झालं. घरून काम हा हक्क म्हणून मागताना तो मूठभरांच्या वाट्याला येतो हे आपण विसरू नये. ज्यांना घरून काम करताच येत नाही त्यांच्या वाट्याला ठरलेले तास, वेळेवर पगार आणि घरी जायला वाहन एवढं तरी नक्की यावं.

मी कंपनी बदलली. नव्या ठिकाणी रुजू होताना मी एकच अट घातली, की मी फोनवर जे बोलेन ते पत्रात असेल. तिथल्या वरिष्ठांनी ती मान्य केली. आता आमच्या नियुक्तिपत्रात ऑफिसचे दिवस किती, ऑफिस कुठलं, यात बदल करायचा तर किती महिने आधी कळवायचं, आणि घरून काम असेल तर इंटरनेटचा खर्च कुणाचा, हे चार मुद्दे लिहिलेले असतात. त्यामुळे काही चांगले उमेदवार हातचे जातात. दुसरीकडे कुणी त्यांना "बघू, जमवू" म्हणतं आणि ते तिकडे जातात. जाऊ देत. "निर्धास्त राहा" हे शब्द मी आता कुणालाही म्हणत नाही.

नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. घरून काम हवं असेल तर संकोच न करता मागा, त्यामागची अडचण खरी असते. नोकरी पहिलीच असेल तर मात्र निदान वर्षभर अशा ठिकाणी बसा, जिथे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला विचारता येईल. घरून काम करत असाल तर दिवसाला भोंगा लावा आणि तो वाजला की लॅपटॉप मिटा. आपल्यासारखं काम करणाऱ्यांना अधूनमधून प्रत्यक्ष भेटत राहा, त्यांना काय मिळतं ते विचारा, आपल्याला काय मिळतं ते सांगा. आणि फोनवरचा माणूस कितीही गोड बोलला, अगदी माझ्यासारखा मनापासून बोलला, तरी पत्र हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी कामाच्या ठिकाणाची ओळ वाचा. जे ठरलं ते तिथे नसेल, तर ते लिहून आल्याशिवाय सही करू नका.